मायच्या दुधात विष नव्हतं

माझ्या मायनं स्वतःच्या दुधानं लेकरू मारलं, असं आमच्या गल्लीत बोललं जायचं.

आज पहाटे माय गेली. म्हणून लिहितेय.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. आम्ही मोताळ्याला राहायचो. मी नुकतीच शाळेत जाऊ लागले होते, तेव्हा मला भाऊ झाला.

पहिले काही दिवस बरा होता. मग पाजलं की उलटी. डोळे पिवळे. अंग पार गळालेलं.

तरी माय पाजायची. लेकरू रडलं की दुसरं काय करणार?

नाव ठेवायच्या आधीच तो गेला.

आजी म्हणाली, हिचं दूधच विषारी. मग शेजारणी आपली तान्ही पोरं मायच्या मांडीवर देईनाशा झाल्या.

पुढे मी बी.एस्सी.ला खामगावला गेले. एक दिवस मॅडम एन्झाइम शिकवत होत्या.

म्हणाल्या, कुठल्याही रासायनिक क्रियेला आधी ऊर्जेचा एक चढ चढावा लागतो. एन्झाइम तो चढ कमी करतं. स्वतःची ऊर्जा घालत नाही, सुरुवात बदलत नाही, शेवट बदलत नाही. फक्त मधला चढ उतरवतं. ते नसेल तर तीच क्रिया इतकी मंद होते की झाली काय, न झाली काय.

उदाहरण दिलं. काही बाळांमध्ये दुधातली साखर पुढे बदलणारं एक एन्झाइम जन्मतःच नसतं. साखर अंगात साचते, लिव्हर बिघडतं. उलट्या, मग कावीळ.

मी लिहायची थांबले.

क्लास सुटल्यावर मॅडमना भावाचं सांगितलं. तपासणीशिवाय खात्री देता येणार नाही, पण असू शकतं, म्हणाल्या.

सुट्टीत घरी आले. माय भाकरी थापत होती. तिला सांगितलं, भरली गाडी घाटाखालीच अडावी तशी ती साखर त्याच्या अंगात अडली असेल.

तिचा हात थांबला.

"मंग माह्या दुधात इख नव्हतं?"

"नव्हतं, माय. कोणत्याच बाईचं दूध त्याले चाललं नसतं."

ती रडली. मला वाटलं, सुटली बिचारी.

मग तिनं पदरानं डोळे पुसले.

"म्हंजे दूध बंद केलं असतं तं जगला असता?"

त्या वक्ती डॉक्टरलेही माहीत नव्हतं, असं काहीतरी मी म्हणाले.

"तो तोंड फिरवे. मीच जबरदस्तीनं पाजत राह्यली."

एवढं बोलून तिनं भाकरी तव्यावर टाकली.

हा विषय आमच्यात परत कधीच निघाला नाही. आजी गेली. गल्लीतली जुनी माणसंही गेली. मायला दोष देणारं कोणी उरलं नाही, तिच्याशिवाय.

माय, तो उपाशी राहू नये म्हणूनच पाजलंस तू.

आता थांब. आराम कर.

शेवटचा जय भीम.