जे पाहिलं त्याच्याखालीच सही

दिनकरराव इंगळे सरांची आणि माझी ओळख विमानाच्या पोटाखाली झाली. मी नवी शिकाऊ. चाकाजवळचा एक बोल्ट निघेना, म्हणून मी त्याच्यावरच डाफरले, "काऊन नाही निघून राह्यला बे!" मागून आवाज आला, "कोन्त्या गावची व माय तू?" मी दचकून उठले आणि डोकं आपटून घेतलं. मी पिंपळगाव राजाची, ते अमडापूरचे, म्हणजे एकाच मुलखातले. मग सरांनी बोल्ट काढून दाखवला आणि वर सुनावलं, "त्याले शिव्या नको देऊ, तेल दे."

शेतकरी घरातल्या या माणसाने विमान देखभाल अभियंता म्हणून जवळजवळ सारी नोकरी रात्रपाळीत काढली. दिवसा विमानं उडतात, त्यामुळे त्यांची तपासणी रात्रीच होते, आणि परवानाधारक अभियंत्याची सही झाल्याशिवाय सकाळी विमान हलत नाही. सरांची ही सही मिळवणं म्हणजे भल्याभल्यांची परीक्षा असे. "टायर पाह्यलं, सर," असं आम्ही सांगितलं की ते विचारत, "तू पाह्यलं. म्या कुठी पाह्यलं?" मग टॉर्च घेऊन स्वतः खाली वाकत. वरून फोन खणखणत असले, तरी त्यांचं वाकणं चुकत नसे. आम्ही पाठीमागे हसायचो. आज मीही तशीच वाकते आणि माझ्या हाताखालची शिकाऊ पोरंपोरी पाठीमागे हसतात.

माणसांच्या बाबतीत मात्र सर फार हळवे आहेत. रात्रपाळीवर आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला त्यांच्याकडून जाड काळ्या कापडाचा पडदा मिळे. तो सरांच्या पत्नी, आमच्या काकू, घरी शिवत. दिवसा झोपायचं तर खिडकी झाकली पाहिजे, हे आम्हाला कोणत्याच वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते सांगते. मला परवाना मिळाला आणि आता कायमची रात्रपाळी लागणार हे कळताच बाबांनी नोकरी सोडून घरी यायला सांगितलं. बाबा गावातल्या शाळेत कारकून. पोरगी रात्रभर बाहेर राहणार, हे त्यांच्या गळी उतरेना. सर तेव्हा रजेवर अमडापूरला होते. मी गावी गेले, तिथून त्यांना रडत फोन केला आणि ते खामगावला बस बदलून आमच्या घरी आले.

बाबा म्हणाले, "साहेब, तुम्ही आपल्याच इकडचे. पोरीची जिम्मेदारी तुम्ही घेता काय?"

"नाही घेत," सर म्हणाले. "मी जे पाह्यतो त्याच्याखालीच सही करतो. तिचं पुढचं आयुष्य म्या कुठी पाह्यलं?"

मी कपाळाला हात लावला. सर थांबेनात. "दिवसा झोप लागत नाही. जेवन पचत नाही. दिवाईले घरी येनं जमत नाही. हे समदं तिच्या वाट्याले येईन."

बाबांनी विचारलं, "मंग तुमची पोरगी असती तं धाडली असती काय?"

सर म्हणाले, "पोरगी हाये माही. तिले हेच शिकाचं होतं. म्या नाही म्हटलं. चुकलं माहं."

बाबांनी आईला चहा ठेवायला सांगितलं. चहा झाला. मग माझ्याकडे न बघता बाबा म्हणाले, "जाय. पन फोन करत जाय."

बाबांना कुणी गोड बोलून पटवायला गेलं असतं, तर ते ऐकलेच नसते. माझं सारं आयुष्य सरांच्या त्या एका कबुलीवर उभं आहे. माझी त्यांच्यावर माया आहे, हे इथे सरळच लिहिते.

हा प्रसंग छापू का, असं सरांना विचारलं. ते म्हणाले, "झालं ते लिही."

इथपर्यंतचा लेख त्यांची मुलगी वैशालीताई यांच्याकडे पाठवला, कारण सरांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथाचं काम त्याच पाहतात. चिखलीला त्या शिक्षिका आहेत. वाचून त्यांनी फोन केला. म्हणाल्या, "पप्पांनी हे तुमच्या बाबांले सांगतलं? मले तं कधीच नाही सांगतलं."

सर, साठी झाली, नोकरीतून मोकळे झालात. आता रात्री गाढ झोप लागो, जेवण पचो, तब्येत ठणठणीत राहो, आणि काकूंसह खूप वर्षं आमच्यात राहा. एवढी वर्षं दिवाळीला तुम्ही घरी नसायचात, यंदा असाल. वैशालीताई माहेरी येणार आहेत. त्यांनी ते 'चुकलं माहं' माझ्या लेखात वाचलं आहे, तुमच्या तोंडून अजून ऐकलेलं नाही.