उपसाताईंचा शेवटचा ठिपका

कुणी ‘सरासरी’ हा शब्द उच्चारला की उपसाताई चष्मा काढून टेबलावर ठेवत. पुढचं ऐकण्यासारखं काही नाही, असा त्याचा अर्थ. बोलणारा थांबला की म्हणत, “सरासरीत कुणाला तहान लागत नाही,” आणि चष्मा परत चढवत. मोठमोठ्या पदांची माणसं त्या चष्म्याला बिचकून असत.

महाप्याच्या ऑफिसात आम्ही कॉम्प्युटरवर नद्या चालवायचो. नदी म्हणजे निळी रेघ, धरण म्हणजे त्रिकोण, गाव म्हणजे ठिपका. उताराने जाणारं पाणी आपलं आपण जातं. तेच पंपाने उचलून डोंगरापलीकडे द्यायचं असेल, तर सॉफ्टवेअरला सगळं शिकवावं लागतं: पंप कधी सुरू, कधी बंद, किती उचलणार, खालच्या गावांसाठी नदीत किती ठेवणार. हा उपसा ताईंकडे, म्हणून त्या उपसाताई. नाव पाठीमागे ठेवलेलं होतं, पण त्यांना ठाऊक होतं. “गाळताई म्हणाला नाहीत, एवढं पुरे,” म्हणाल्या होत्या. नवीन इंजिनिअरने हौसेने डोंगरावर बाण चढवला की त्या मागे उभ्या राहून विचारत, “बाण वर न्यायला माऊस लागतो. पाणी वर न्यायला काय लागतं?”

घरीही हेच. जुईनगरला त्यांच्या सोसायटीत सकाळी नळ कोरडे पडायचे आणि दुपारी गच्चीवरची टाकी भरून वाहायची. सेक्रेटरी पाटील गावठाणातले, गोड बोलणारे. “ताई, टोटल पानी बरोबर हाय ना? मग टेन्शन कशाला?”

“टोटलने आंघोळ होत नाही, पाटील. सातला नळाला यावं लागतं.”

पाटलांनी पंपाची वेळ बदलली. पटलं म्हणून नव्हे, ताई रोज जिन्यात भेटायच्या म्हणून.

मग आमच्याकडे ती मोठी योजना आली. नदीचं पावसाळी पाणी उचलून घाटावरच्या दुष्काळी तालुक्याला द्यायचं. नकाशावर कालव्याच्या टोकाला जो शेवटचा ठिपका होता, ते ताईंचं माहेर. त्यांचे थोरले भाऊ, दादा, जेवणाच्या सुट्टीत फोन करायचे. त्यांचा आवाज फोनमधून बाहेर आमच्या डब्यांपर्यंत यायचा.

“काय गं, तुझ्या कॉम्प्युटरात आपलं गाव आहे का?”

“आहे. सगळ्यात शेवटी.”

“शेवटी का असेना. पाणी येतंय ना?”

महिन्याच्या हिशोबाने येत होतं. महिन्याभरात नदीतून जाणारं पाणी एकत्र धरलं, की सगळे ठिपके हिरवे. साहेबांनी तो हिरवा नकाशा मोठा छापून भिंतीवर लावलाही होता. ताईंनी तोच हिशोब रोजचा करून चालवला. पाऊस चार दिवस कोसळतो. तेव्हा पंप आपल्या ताकदीएवढंच उचलतो, बाकीचं पाणी समुद्राला जातं. उरलेले दिवस खालच्या गावांचा वाटा सोडला की उचलायला काही राहत नाही. कालव्याच्या टोकाकडून एकेक ठिपका लाल होत आला. पहिला अर्थातच त्यांचा.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मी सोबत होतो, आकडे दाखवायला. कुणी बघितले नाहीत.

“ताई, गावाला पाणी मिळावं म्हणून लोक खोटं बोलतात. तुम्ही स्वतःच्याच गावाचं तोडताय.”

“मी काही तोडत नाही, सर. पंप जेवढा आहे तेवढाच दाखवते. पंप मोठा करा, नाहीतर वर पाणी साठवायला तलाव लिहा. आत्ता हिरवं करून देते.”

“ते बजेटमध्ये बसत नाही. महिन्याची सरासरी सगळेच धरतात.”

चष्मा टेबलावर आला. “मग माझी सही रोजच्या हिशोबावरच होईल,” ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दादांचा फोन आला तेव्हा त्यांनी सरळ सांगून टाकलं. “पावसाळ्यात येईल, दादा. साठवायला वर तळं नाही, मग उन्हाळ्यात नाही यायचं.”

“पेपरात तर बारमाही लिहिलंय.”

“पेपरवाले पंप बघत नाहीत.”

मग दादा म्हणाले, “तू नक्की कुणाच्या बाजूची गं?” आणि फोन ठेवला. ताईंनी डबा झाकला. चहाला खाली चला म्हटलं, तर म्हणाल्या, “तू जा. मला आज जिना नको.”

वाशीच्या एका हॉटेलात योजनेचं सादरीकरण झालं. पुष्पगुच्छ, शाली, आणि पडद्यावर सनईच्या सुरात डोंगर चढणारा निळा बाण. पाणी चढलं की सभागृह टाळ्या वाजवी. रोजचा हिशोब अहवालाच्या मागे पुरवणीत होता, खाली ताईंची सही. पुरवणी वाचायची पद्धत आपल्याकडे नाही. ताई शेवटच्या रांगेत बसून समोसा खात होत्या. “बाण दमत कसा नाही रे?” एवढंच म्हणाल्या.

निवृत्तीनंतर जुईनगरचा फ्लॅट लेकीकडे सोपवून त्या माहेरी राहायला गेल्या. दादा बोलत नव्हते, तरी गेल्या. “तो बोलत नाही म्हणजे ऐकतो,” हे त्यांचं गणित.

पुढे पंप सुरू झाले, नारळ फुटले. पहिल्याच उन्हाळ्यात, एप्रिलमध्ये, न राहवून मी फोन केला.

“ताई, कालव्याला पाणी आहे का?”

“महिन्याच्या हिशोबाने विचारतोस की रोजच्या?”

“रोजच्या.”

“मग नाही. पण दादाने गाव गोळा करून तळं खोदून घेतलं होतं. पाणी यायच्या आधीच. पावसाळ्यात कालवा वाहिला तेव्हा भरून ठेवलं. बाकीची गावं अजून बारमाहीची वाट बघतायत.”

“दादा बोलतात आता?”

“तळ्याविषयी बोलतो. तळ्याजवळ भेटला तर.”

जुनी फाइल माझ्यासमोर उघडी होती. म्हटलं, “मग तुमचा ठिपका हिरवा करू?”

“इतक्यात नको. मे निभला तर सांगते. मग कर.”

आता मे अर्धा सरलाय. फोन आलेला नाही, मीही केलेला नाही. ठिपका लालच आहे. फाइल मात्र बंद केलेली नाही.