काठावरच्या ताईबेन

"निरांते उतरू. पाणी कुठे पळून जात नाही," असं म्हणत ताईबेन एकेक बट पोहण्याच्या टोपीत कोंबत राहायच्या. निरांते म्हणजे निवांतपणे. हा शब्द आम्ही बडोदेकरांनी गुजरातीतून उसना घेतला आणि परत करायचं विसरून गेलो.

आमच्या तरणतलावाच्या पाटीवर गुजरातीत 'स्नानागार' असं लिहिलेलं होतं, त्यामुळे एखादी नवी बाई साबण घेऊनही यायची. सकाळची एक वेळ बायकांसाठी राखलेली असे. मी निजामपुऱ्याहून यायची, बँकेत बसून बसून धरलेली पाठ सोडवायला. पोहणं मला जेमतेम यायचं, म्हणून माझा बराच वेळ काठावर जायचा. तुम्हीही कधी असे काठावर रेंगाळला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, पाण्यात प्रत्येक माणूस सारखाच दिसतो. तो कळतो पाण्यात उतरण्याआधी.

कुणी अंगठा बुडवून झटकन मागे घेते. कुणी ओंजळभर पाणी डोळ्यांना लावून नमस्कार करते. कुणी आत असलेल्यांना विचारते, थंड आहे का, आणि आतल्या कुडकुडत सांगतात, अजिबात नाही. एक प्राध्यापिका होत्या, त्या दर वेळी पुन्हा एकदा शॉवरखाली जाऊन यायच्या.

या सगळ्यांत ताईंचं काठावरचं प्रकरण सर्वांत लांबलचक. मराठी बायका त्यांना ताई म्हणत, गुजराती बायका ताईला बेन जोडून ताईबेन. त्यांचे आजोबा संस्थानच्या फौजेत घोडेस्वार होते. ताईंचा मात्र सगळा जन्म टेलिफोनच्या ऑफिसात, कानाला हेडफोन लावून ट्रंक कॉल जोडण्यात गेला. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्या आणि पोहायला लागल्या. अंघोळ, टोपी, हातांचे व्यायाम, मग काठावर बसून आधी गुडघ्यांवर पाणी, मग गळ्यावर, मग मानेवर, आणि हे चालू असताना शेजारच्या भित्र्या बाईशी गप्पा. फोनवर घाबरलेल्या माणसाला धरून ठेवायची त्यांना सवय होती. "लाइनवर राहा, मी आहे," असं त्या मला पाण्यातूनही सांगायच्या. मी पाय हलवत राहायची आणि खरंच बुडायची नाही.

एका पावसाळ्यात त्या यायच्या बंद झाल्या. हिवाळा गेला, आणि उन्हाळा लागताच एके सकाळी दारात उभ्या. रोडावल्या होत्या. मला बाजूला घेऊन त्यांनी सरळ सांगितलं, की डाव्या बाजूचा स्तन काढून टाकावा लागला, आता बरं आहे, हात आखडलाय म्हणून डॉक्टरांनीच पोहायला सांगितलंय. पोशाखात घालायला घरी एक कापसाची गादी शिवून पाहिली होती, पण ती बादलीत भिजवल्यावर उशीएवढी जड झाली. हे सांगताना त्या हसल्या, म्हणून मीही हसले.

पण पाण्यात त्या उतरेनात. अंघोळ, टोपी, व्यायाम, सगळं व्हायचं. डाव्या खांद्यावरून टॉवेल पुढे ओढून त्या काठावर बसायच्या, गुडघ्यांवर पाणी घ्यायच्या, आणि तिथेच थांबायच्या. वेळ संपली की उठून कपडे बदलायच्या. असं कितीतरी दिवस चाललं. आम्ही कुणी काही बोललो नाही.

बोलल्या त्या वाडी भागातल्या एक बेन. त्यांच्या यजमानांचं बांगड्यांचं दुकान होतं. बाई स्वभावाने वाईट नव्हती, घरी केलेला ढोकळा सगळ्यांना वाटायची. पण एक दिवस त्यांनी पोहायला शिकवणाऱ्या बाईंना गाठून सांगितलं, की त्या ताईबेनना वेगळी वेळ द्या, असला रोग पाण्यातून लागला तर काय घ्या. त्या काळी असं वाटणारे पुष्कळ होते. शिकवणाऱ्या बाई गडबडल्या. दबक्या आवाजातलं हे बोलणं ताईंनी ऐकलं. आयुष्यभर ऐकण्याचंच काम केलेलं, त्यांना न ऐकू येऊन कसं चालेल.

मला वाटलं, आता त्या पिशवी उचलून निघून जातील. त्यांनी व्यायाम पुरा केला. मग वाडीच्या बेनांशेजारी जाऊन बसल्या आणि खांद्यावरचा टॉवेल काढून मांडीवर ठेवला. पोशाखाची डावी बाजू सपाट होती.

"हे लागत नाही," त्या गुजरातीत म्हणाल्या. "लागलं असतं तर ज्यांनी कापलं त्या डॉक्टरांना आधी लागलं असतं. तरी काही विचारायचं असेल तर मला विचारा."

बेन आधी खाली बघत राहिल्या. मग हळूहळू विचारू लागल्या. दुखतं का. आधी कसं कळलं. हाताला काय लागलं, वाटाण्याएवढं की सुपारीएवढं. दाबलं तर सरकायचं का. ताई एकेक उत्तर देत गेल्या, आणि एकदम थांबल्या. त्यांनी मला नंतर सांगितलं, की दुसऱ्याच्या दुखण्याची चौकशी करणारा आवाज वेगळा असतो आणि स्वतःच्या दुखण्याची वेगळा.

"बेन," त्यांनी अगदी हळू विचारलं, "तुम्हाला गाठ कुठे लागलीय?"

बेनांनी दोन्ही हात छातीशी घेतले आणि रडायला लागल्या. दिवाळीपासून गाठ होती. त्यांची आई याच दुखण्याने गेली होती. मुलीचं लग्न ठरलेलं, म्हणून घरात कुणाला सांगितलं नव्हतं. ताईंना रोज समोर बघून त्यांची झोप उडाली होती, आणि त्या समोर नसत्या तर बरं, एवढंच त्यांना वाटत होतं.

ताईंनी त्यांना रडू दिलं. मग उठल्या आणि म्हणाल्या, "चला, कपडे बदलू. माझे डॉक्टर सकाळी लवकर बसतात."

मी बँकेत उशिरा येते असा फोन केला आणि आम्ही तिघी ओल्या केसांनी रिक्षात बसलो. बेन मध्ये. वाटेत त्या म्हणत होत्या, की वाईट निघालं तर लग्न होईपर्यंत घरी कळता कामा नये. ताईंनी वाद घातला नाही. आधी डॉक्टरांना बोलू दे, मग आपण बोलू, एवढंच म्हणाल्या. दवाखान्यात बाकावर बेनांनी त्यांचा आखडलेला डावा हातच घट्ट धरला होता. दुखत असणार, पण ताईंनी सोडवला नाही.

बेनांना आत घेतलं. आम्ही बाहेर. ताई एरवी कुणाशीही बोलायच्या, त्या दिवशी समोरच्या भिंतीकडे बघत बसल्या. त्यांच्या ओठांवरचा घाम मला दिसत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की याच बाकावर त्या एकट्याच बसल्या असतील.

दार उघडलं. बेन बाहेर आल्या त्या पदर सावरायचंही विसरून.

"पाणी होतं," त्या म्हणाल्या. "सुईने काढलं. बसली गाठ. पाणीच होतं ताईबेन, बीजुं कांई नहीं, दुसरं काही नाही."

डॉक्टरांनी मागून येऊन सांगितलं, की तपासायला पाठवू, पण घाबरण्यासारखं काही नाही. पुढे तपासणीतही तसंच निघालं. ताईंनी मान हलवली, उठायला गेल्या आणि परत बसल्या. आम्ही दोघींनी त्यांना धरून उठवलं. मग बाहेर कोपऱ्यावर उभ्या राहून तिघींनी सेव उसळ खाल्ली. इतक्या सकाळी इतकी तिखट सेव उसळ मी पुन्हा कधी खाल्ली नाही. नाक आणि डोळे कशामुळे वाहताहेत याची कुणी चौकशी केली नाही.

दुसऱ्या दिवशी ताई टॉवेल कपड्यांच्या खोलीतच ठेवून आल्या. काठावरचं त्यांचं सगळं यथासांग झालं आणि त्या शिडीने पाण्यात उतरल्या. वाडीच्या बेन आधीच आत होत्या. त्या बाजूला सरकल्या नाहीत. त्यांनी विचारलं, थंड वाटतंय का. ताई म्हणाल्या, खूप. पहिल्यांदाच तिथे कुणी खरं बोललं असेल.

बेनांच्या मुलीच्या लग्नात आम्ही दोघींनी वरमाईपेक्षा जास्त मिरवलं.

ताई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या. दुखणं परत आलं नाही. म्हातारपण आलं तेव्हा नाशिकला भाचीकडे राहायला गेल्या आणि तिथेच, दुपारच्या झोपेत, गेल्या. बातमी कळल्यावर मी रडले, पण त्यात एक समाधानही होतं. ज्याला आम्ही सगळ्या घाबरलो होतो त्याने त्यांना नेलं नव्हतं.

बडोदं सोडण्याआधीची त्यांची तलावावरची शेवटची सकाळ मला आठवते. डावा हात कधी पुरता वर गेलाच नाही, त्यामुळे त्या सरळ पोहायच्याच नाहीत, एका बाजूला वाहत जायच्या. आम्हाला सवय झाली होती, त्या आल्या की आम्ही वाट द्यायचो. त्या दिवशी तशाच तिरक्या पोहत त्या माझ्या पायांपाशी येऊन काठाला धडकल्या. चष्मा नसल्याने त्यांना काही दिसत नव्हतं.

"कुठे आले मी?" त्यांनी विचारलं.

"भलतीकडेच," मी म्हटलं.

"असू दे," असं म्हणून त्यांनी काठाला पाय लावला, पाठीवर वळल्या, आणि आभाळाकडे बघत परत निघाल्या.