बटाट्याऐवजी पपई

नववीत परासरणाच्या प्रयोगासाठी प्रत्येकीला बटाटा आणायला सांगितला होता. मी जैन घरातली. चातुर्मासात आमच्या घरात बटाटा येत नाही, म्हणून मी कच्ची पपई नेली. सर सगळ्या वर्गासमोर ओरडले, "पुस्तकात बटाटा हाय की! पपईनं काय हुतंय?"

माझ्या डोक्यात सणक गेली. साल काढून मी पपईची वाटी कोरली, आत साखरेचं दाट पाणी ओतलं, पातळीवर टाचणी टोचली आणि वाटी साध्या पाण्यात ठेवली. सर बाकाशेजारून हलेनात आणि मला टाचणीवरून नजर काढवेना.

तास संपता संपता टाचणी बुडाली. बाहेरचं पाणी आत शिरलं होतं.

सर म्हणाले, "बरं. पण जर्नलमध्ये बटाटाच लिही."

मी पपई लिहिलं. सरांनी दोन मार्क कापले. म्हटलं, कापा की!