चारातला एक

धाकटीने शाळेतून आणलेली चिठ्ठी मी तीनदा वाचली. सगळा मजकूर छापील होता, फक्त एक ओळ पेनाने लिहिलेली: प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह, पुढील तपासणी करावी. खाली शिक्का, तारीख आणि पालकाच्या सहीसाठी रेघ. मी सही केली. अक्षर माझं वाटेना.

ती दहावीत आहे. शाळेत सिकलसेलची तपासणी झाली होती. आमच्या जिल्ह्यात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही, तरी लिहितो. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि नसांमध्ये अडकतात. मग सांधे असे दुखतात की धडधाकट माणूसही अंथरुणात आडवा पडून ओरडतो. हा आजार आईबापांकडून येतो. दोघांकडून खोट आली तर आजार. एकाकडूनच आली तर माणूस नुसता वाहक, त्याला सहसा काही त्रास नसतो. मी वाहक आहे, बायकोही वाहक आहे. लग्नाच्या वेळी आम्ही कोणीच रक्त तपासलं नव्हतं. थोरली मुलगी सात वर्षांची असताना पाय धरून किंचाळायला लागली, तेव्हा कळलं. तिला आजार आहे. आज ती एकोणीस वर्षांची आहे.

थोरलीचा आजार कळला तेव्हा डॉक्टरांनी कागदाच्या मागच्या बाजूला चार चौकोन काढून दाखवले होते. एका चौकोनात एए, म्हणजे काहीच नाही. दोन चौकोनांत एएस, म्हणजे वाहक. शेवटच्या चौकोनात एसएस, म्हणजे आजार. प्रत्येक मुलामागे चारात एक, ते म्हणाले, धाकटीचीही तपासणी करून घ्या. धाकटी तेव्हा तीन वर्षांची होती आणि दवाखान्याच्या बाकाखाली लपून खेळत होती.

घरी येऊन मी ते चौकोन वहीत पुन्हा काढले. खाली लिहिलं: चारात एक, तो आपल्याकडे आला. मग बायकोला सांगितलं, "आपला एक झाला. आता धाकटीले काही होत नाही."

"खरं?" ती म्हणाली.

"गणित हाय ते."

तिने विश्वास ठेवला, कारण घरात आकड्यांचं काम माझ्याकडे. धाकटीची तपासणी राहिली ती राहिलीच.

माझं पोटापाण्याचं काम काय आहे ते इथे सांगायला हवं. शहापूरच्या बाजूला धान खरेदीच्या केंद्रावर मी ओलावा तपासतो. टोकदार लोखंडी नळी पोत्यात खुपसायची, मूठभर धान काढायचं, यंत्रात टाकायचं, आकडा लिहायचा. एका गाडीत चाळीस पोती असली तर चाळीस वेळा. लोक म्हणतात, भाऊ, एकाच बांधीतलं, एकाच शेतातलं धान होय, दोन पोती पाहा आन सोडा. मी सोडत नाही. एक पोतं ओलं निघालं म्हणून पुढची तीन कोरडी, असं मी कोणासाठीही कधी लिहिलेलं नाही.

शाळेतली चाचणी खोट आहे एवढंच सांगते, वाहक की आजार ते सांगत नाही. पक्क्या तपासणीसाठी दवाखान्यात धाकटीच्या हातातून रक्त काढून घेतलं आणि अहवालाला दहा दिवस लागतील असं सांगितलं. ते दहा दिवस मी तिच्याकडे चोरून बघत होतो. सकाळी उजेडात उभं करून डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर दिसतो का पाहायचो. मागच्या थंडीत शाळेतल्या कवायतीनंतर तिच्या पोटऱ्या दुखल्या होत्या आणि मी म्हणालो होतो, वाढत्या वयात दुखतंच. आता ते वाक्य दर तासाला आठवायचं. तिला आजवर कधी वेदनांचा झटका आला नव्हता, हेही खरं. पण काहींना आजार सौम्य असतो, हेही मी दवाखान्याच्या बाकावर बसून ऐकलेलं. ती दादऱ्याच्या पायऱ्या धावत चढली की बरं वाटायचं, चढून वर थांबली की मी खालून हाक मारायचो. पाणी कमी पडलं की थोरलीला त्रास होतो, म्हणून मी धाकटीच्याही मागे पेला घेऊन फिरायला लागलो.

थोरली म्हणाली, "बाबा, पोट्टी होय ते, धानाची बांधी नाही. किती पाणी सोडता?"

धाकटी हसली. मला हसू आलं नाही.

सहाव्या की सातव्या दिवशी संध्याकाळी धाकटी संभाव्यतेचं प्रकरण घेऊन बसली होती. थोरली पलंगावर, गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी. बायको आतल्या खोलीत पोळ्या लाटत होती.

"बाबा, फासा टाकला आन सहा आला. पुन्हा टाकला त सहा येण्याची संभाव्यता किती?"

"एक षष्ठांश."

"आत्ताच आला होता तरी?"

"तरी. आधीच्या फेकीचं पुढच्या फेकीशी काही देणंघेणं नाही."

तिने वहीचं पान उलटलं. पानावर चार चौकोन होते, पट्टीने आखलेले. एए, एएस, एएस, एसएस.

"मंग ताईचं माह्याशी काय देणंघेणं?"

आतला लाटण्याचा आवाज थांबला.

"आईनं सांगतलं मले," ती म्हणाली. "तुमी म्हटलं होतं, आपला एक झाला. असं कसं होईन? ताई एक फेक होय, मी दुसरी." मग तिने परीक्षेत मांडतात तसं मांडलं. "नमुना अवकाशात चार. चिठ्ठी पॉझिटिव्ह आली, म्हणजे हे एए गेलं." त्या चौकोनावर तिने रेघ मारली. "उरले तीन. त्यातला एक एसएस. म्हणजे चारात एकही नाही बाबा, तीनात एक. बरोबर हाय का?"

चिठ्ठी वाचली त्याच दिवशी मला हे दिसलं होतं. मी कोणाला बोललो नव्हतो. मनात ती रेघ रोज मारत होतो आणि रोज पुसत होतो.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

थोरलीने पिशवी बाजूला ठेवली. "तुमी त लोकं हात जोडतात तरी पोतंपोतं तपासता. मंग इले काहून नाही तपासलं?"

सुटून जाण्यासारखी उत्तरं माझ्याकडे होती. तेव्हा तुझ्याच मागे धावत होतो, हे एक. विसरलो, हे दुसरं. पण बायको दारात येऊन उभी राहिली होती, हाताला पीठ तसंच.

"भेव वाटलं," मी म्हणालो. "दुसरीचंही तसंच निघालं तर, याचं."

धाकटीने पुढचं उदाहरण काढलं. तिची पेन्सिल जोरात टेकत होती, मागच्या पानावर उमटेल इतकी.

अहवालाच्या दिवशी धाकटीला गाडीवर मागे बसवून आमच्या कारध्याहून दवाखान्याकडे निघालो. थोरली आली नाही. "मी आली त मलेच भरती करून घेतीन ते," म्हणाली. नदीच्या पुलावर वारा गार होता. धाकटीने माझा स्वेटर मागून मुठीत धरला होता. तीनात एक, तीनात एक, एवढंच डोक्यात. दोन भाग चांगले आहेत, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण चाळिसातलं एकच पोतं ओलं असलं तरी ज्याचं आहे त्याला ते पुरतं.

खिडकीतल्या बाईंनी कागद दिला. माझ्या हातात तो होता, पण मला नीट दिसेना. धाकटीने काढून घेतला.

"एएस," ती म्हणाली. मग पुन्हा, माझ्यासाठी, "वाहक, बाबा."

मी पायरीवर बसलो. ती समोर उभी राहून कागदाची घडी घालत होती.

"तुमचं उत्तर बरोबर आलं," ती म्हणाली. "पण रीत चुकली. रीत चुकली त मार्क नाही भेटत."

घरी थोरलीने कागद वाचला. "बरं झालं. माह्या गोळ्यांत वाटेकरी नाही," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मी तिच्याजवळ बसलो. बारा वर्षं मी "आपला एक झाला" म्हणत आलो, ते तिच्या देखत. तो एक म्हणजे ती. त्या वाक्यात तिला काय ऐकू येत असेल, हे मला त्या दुपारपर्यंत सुचलं नव्हतं. मी तिच्या पायांवर हात ठेवला. तिने पाय काढून घेतले नाहीत.

तेवढ्यात बायकोने सिहोऱ्याला राहणाऱ्या भावाला फोन लावला. त्याला दोन मुलं, कोणाचीच तपासणी नाही. बायकोला ही खोट आईकडून किंवा बापाकडून आली, म्हणजे तिच्या भावालाही असण्याची शक्यता निम्मी. फोन मोठ्या आवाजात होता.

"तुमच्याकडं निघाला ना तो बाई," तो समजावत होता, "मंग आता आमच्याकडं कायले येते?"

बायकोने फोन माझ्यापुढे धरला. मी कागद ओढला, चार चौकोन काढायला. फोनवर ते दिसणार नव्हते. पेन ठेवलं.

"भाऊ," मी म्हणालो, "हेच मी बारा वर्षं बोललो. उद्या मी येतो. पोरांले आन तुमा दोघांले तपासायले घेऊन जाऊ."

"काहून भेवाडता भाटवे, चांगले खेळून राहिले पोट्टे."

"हाव," मी म्हणालो, "भेवाडतोच. सकाळी आठले तयार राहा."