मावशी, आमाला बी बोला

गेवराईत आमचं साड्यांचं दुकान आहे. पूर्वी त्याची जाहिरात म्हणजे बाजाराच्या दिवशी भोंगा लावून फिरणारी रिक्षा आणि चौकातला एक फ्लेक्स. फ्लेक्सवरची बाई गोरीपान, कुठल्या गावची कोण जाणे. लोक तिच्यावर पानाच्या पिचकाऱ्या मारायचे, तिचं काही बिघडत नव्हतं. वाऱ्यानं फ्लेक्स फाटला की कुणीतरी तो शेळ्यांच्या छपरावर टाकायचा आणि जाहिरात संपायची. आत गादीवर बसून घड्या घालणारी काळी, जाड बाई, म्हणजे मी, कुणाला माहीत नव्हती. माझी जीभ तिखट, म्हणून गिऱ्हाइकासमोर तोंड उघडायचं नाही अशी नवऱ्याची सक्त ताकीद होती.

एकदा एका बाईनं अख्खं कपाट खाली काढायला लावलं आणि शेवटी पहिल्याच साडीवर घासाघीस सुरू केली. माझं डोकं फिरलं. म्हणाले, "बाई, तुमाला साडी न्हाई पाहिजे. तुमाला घड्या घालणारी पाहिजे, म्हंजे बसून बघता येतं." तिच्यासोबत आलेल्या बहिणीनं ते मोबाईलवर टिपलं आणि आमची बदनामी करायला इंटरनेटवर टाकलं. झालं उलटंच. आठवडाभरात पार बीडहून बायका यायला लागल्या. "मावशी, आमाला बी बोला की," म्हणायच्या आणि मी बोलले की खिदळायच्या.

नवरा खूश. रिक्षा बंद, फ्लेक्स बंद. माझ्यासमोर स्टँडवर फोन लावला आणि म्हणाला, आता बोल काय बोलायचं ते. ज्या जिभेला जन्मभर लगाम घातला, तीच आता त्यानं दुकानाच्या दारात मांडली. व्हिडिओखाली लोक काय लिहितात ते मी वाचायचे. म्हैस, काळतोंडी, हिला नांदवतोय कोण. फ्लेक्सवरच्या त्या बाईचा मला हेवा वाटायचा. नवऱ्याला सांगितलं तर म्हणे, शिव्या देणारा पण बघतोच ना.

अशीच एक दिवस लाइव्ह बोलत होते, तेवढ्यात माझ्या मोबाईलवर माहेराहून, युसूफ वडगावहून, भावाचा फोन आला. आई गेली. मी हंबरडा फोडला. समोरच्या बायका हसायला लागल्या, त्यांना वाटलं मी काहीतरी नवीन काढलंय. एक जण पुढं सरकून म्हणाली, "मावशी, परत एकदा रडा ना. माझा मोबाईल चालू नव्हता."

आईचे दिवस करून परत आले, तर दुकान गच्च भरलेलं. माझ्या रडण्याचा व्हिडिओ तसाच होता.

"कावून न्हाई काढला?" मी विचारलं.

"लई चाललाय," नवरा म्हणाला. "अन् आता काढून काय उपयोग? लोकांनी उचललाय."

मग मी त्याला बोलले. लग्नापासून गिळलेलं सगळं बाहेर काढलं. आईची चिता विझायच्या आत तिच्या मरणावर साड्या विकल्यास म्हणाले, चारचौघांत त्याला पहिल्यांदा अरे-तुरे केलं. इतक्या मनापासून मी आजवर कुणालाच बोलले नव्हते. वाटलं, आता तरी मान खाली घालेल. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. स्टँडवरचा फोन जरा तिरका करून मी त्यात नीट मावतेय का ते बघत होता. मागे बायका हसून हसून वाकल्या होत्या.

त्या आठवड्यात दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.