कात्रजचा डबा कोचीला

बुधवारी सकाळी लोहगाव विमानतळावर आमच्या तिकीट खिडकीशी एक आजोबा येऊन उभे राहिले... हातात चार खणांचा स्टीलचा डबा, वरून पंचा घट्ट बांधलेला.

मी एका विमान कंपनीत ग्राउंड स्टाफ आहे. एरवी चेक-इन काउंटरवर बसून दिवसभर एकच प्रश्न विचारते, "बॅग तुम्ही स्वतः भरली का?" आणि उत्तर ऐकायच्या आधीच टॅग लावून मोकळी होते. त्या दिवशी मात्र माझी ड्यूटी टर्मिनलबाहेरच्या खिडकीवर होती.

खिडकीच्या वर आमची विमानं कुठे कुठे जातात त्याचा बोर्ड आहे. आजोबांनी तो मोठ्यानं वाचायला घेतला... दिल्ली, जयपूर, नागपूर, कोची... अगदी गाडीच्या दारात उभं राहून पुकारावं तसा. दुबई, बँकॉकपर्यंत पोचल्यावर म्हणाले, "लय लांबलांबचे थांबे घेतलेत की तुम्ही!"

मग डबा पुढे केला. "कोचीच्या गाडीला एवढा द्यायचा हाय, ताई. पोरगी तिथं येऊन घेऊन जाईल."

रांगेतला एक जण फिस्सकन हसला. खरं सांगते, मीही हसू दाबलं.

आजोबा एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. राहायला कात्रजला. मुलगी बँकेत, बदली होऊन कोचीला गेलेली. तिला सातवा महिना, डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय आणि तोंडाला अजिबात चव नाही... चार दिवस फोनवर एकच घोशा, घरची बाजरीची भाकरी हवी. आई पलंगाला खिळलेली, त्यामुळे आजोबांना घर सोडून जाता येत नाही. कुरिअरनं एकदा पाठवल्या होत्या, तर पोचेपर्यंत भाकऱ्यांना बुरशी आली. थेट विमान दोन तासांत पोचतं, हे त्यांना मुलीनंच कधीतरी सांगितलं होतं.

"पीठ किती, पाणी किती, हिनं पडल्या पडल्या सांगितलं. मी थापल्या."

मी नियम सांगितला. अनोळखी माणसाची वस्तू आम्ही घेत नाही, क्रू घेत नाही, प्रवाशांनाही घेऊ देत नाही. इतक्या पाठ झालेल्या आवाजात सांगितलं की माझाच मला राग आला.

आजोबांनी वाद घातला नाही, हेच जास्त लागलं. "बरोबर हाय तुमचं. आम्हीबी डबा घ्यायचो तो उघडून, बघून. तसाच कुणाचा घेतला नाय कधी." एवढं बोलून ते बसस्टॉपकडे चालू लागले... डबा छातीशी धरून.

पुढच्या तिघांना मी काय तिकिटं दिली, देव जाणे. डोक्यात एकच चालू होतं... उघडून, बघून.

कॉलेजला असताना तीन वर्षं मी पुण्यात कॉट बेसिसवर राहिले. भोरजवळच्या आमच्या गावातून आई रोज पहिल्या एसटीनं डबा पाठवायची आणि मी स्वारगेटला जाऊन तो घ्यायचे. माझ्या हाडामासात एसटीचे डबे आहेत आणि मीच खिडकीत बसून हसत होते!

शेजारच्या सहकाऱ्याला खिडकी सांभाळायला सांगून मी पळत स्टॉपवर गेले. आजोबा अजून बसची वाट बघत होते. म्हटलं, उद्या माझी सुट्टी आहे. आम्हाला स्टाफचं तिकीट मिळतं, पण विमानात जागा उरली तरच. उद्या ताज्या भाकऱ्या आणा... आणि डबा रिकामा आणा.

गुरुवारी सकाळी ते साडेसातलाच हजर. टर्मिनलबाहेरच्या बाकावर मी एकेक भाकरी उलटून बघितली, मेथीची सुकी भाजी आणि शेंगदाण्याची चटणी चमच्यानं ढवळून, चाखून बघितली आणि माझ्या हातानं डबा भरला. आजोबा शेजारी बसून समाधानानं मान हलवत होते... साहेबानं नव्या कंडक्टरचं काम तपासावं तशी.

काउंटरवर माझीच मैत्रीण होती. तिनं हसत विचारलं, "बॅग तुम्ही स्वतः भरली का, मॅडम?" नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच मला तो प्रश्न नीट ऐकू आला. म्हटलं, हो, मीच भरली. सुदैवानं विमानात तीन जागा रिकाम्या होत्या.

कोचीला मुलगी विमानतळाबाहेर थांबली होती. घरी जाईपर्यंतही तिला धीर निघाला नाही, गाडीतच डबा उघडला. पहिला तुकडा मोडला आणि थांबली... "कडा जाड आहेत. बाबांनीच थापल्यात." हसत होती आणि डोळ्यांतून धार लागलेली. दोन भाकऱ्या तिथेच संपल्या. उरलेलं तिनं सोबत आणलेल्या डब्यात काढून घेतलं.

संध्याकाळच्या विमानानं परत आले, तर आजोबा बाहेर उभे. डबा न्यायला. त्यात मुलीनं केळ्याचे वेफर्स भरून दिले होते, माझ्यासमोर, उघडून दाखवून. डबा हातात घेतल्यावर त्यांनी आधी वजनाचा अंदाज घेतला, मग विचारलं, "खाल्लं तिनं?"

खाल्लं, म्हटलं. जाड कडांसकट. ते पाठ फिरवून बराच वेळ पंच्यानं तोंड पुसत राहिले.

मी विचारलं, तुम्ही भोरच्या गाडीवर होता का कधी? नव्हते. सगळी नोकरी बार्शीकडे गेली.

म्हणजे माझा डबा आणणारे कंडक्टर दुसरेच कुणीतरी. तीन वर्षं रोज त्यांच्या हातून डबा घेतला, पण त्यांचं नाव मला आजही माहीत नाही... मला नेहमी कॉलेजची घाई असायची.